एकच येशू, दोन चर्च

मैत्रिणींनो, नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात बायका आम्हाला विचारतात, येशू एक, बाप्तिस्मा एक, मग चर्च दोन का?

ही फूट युरोपातली. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथरने पापमाफीच्या पत्रांच्या विक्रीवर बोट ठेवले. त्याच्या बाजूचे म्हणू लागले, अखेरचा शब्द पोपचा नव्हे, बायबलचा. ते प्रोटेस्टंट.

नगरला १८३१ साली अमेरिकन मिशन आले, ते प्रोटेस्टंट. कॅथलिक फादर नंतर आले. बायबल ज्याने त्याने वाचायचे, म्हणजे मुलींनाही अक्षर हवे. मिशनने मुलींच्या शाळा काढल्या. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायला नको. पण पाटी मुलींच्या हाती आली. पुढे कॅथलिक सिस्टरांनीही शाळा चालवल्या.

हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मरियेला कॅथलिक देव मानत नाहीत. आपल्यासाठी देवाला सांग, अशी विनवणी करतात. प्रोटेस्टंट म्हणतात, मध्ये कोणी नको, थेट येशूशी बोला. आता गंमत बघा: आईला एवढा मान देणाऱ्या कॅथलिकांत बाई फादर होऊ शकत नाही. सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चमध्ये मात्र बाई पाळक होते.