फेरारा, नेपोलिओने

(२६ जुलै १९५६ – ). दृष्टिपटलाच्या विकारांवरील औषधांचा पाया ठरलेले ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन वेगळे करणारे इटालियन-अमेरिकन वैद्यक संशोधक.

जन्म सिसिलीतील कातानिया येथे. वैद्यकाची पदवी तेथील विद्यापीठातून. कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक कंपनीत त्यांनी गायीच्या पोष ग्रंथीतील पेशींपासून (→ पोष ग्रंथी) हे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळवले. त्यावरील शोधनिबंध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

व्हीईजीएफमुळे नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. उतारवयातील ओल्या पीतबिंदू ऱ्हासात (→ दृष्टिपटल) अशाच नाजूक वाहिन्या दृष्टिपटलाखाली वाढून पाझरतात आणि समोरचे अंधुक, वेडेवाकडे दिसते. या प्रथिनाला अडवणारे रॅनिबिझुमॅब ०.०५ मिलि. एवढ्या मात्रेत थेट डोळ्यात टोचतात. त्याला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. ७१६ रुग्णांवरील ‘मरीना’ चाचणीत वर्षअखेर सुमारे ९५% रुग्णांची दृष्टी तपासण्याच्या तक्त्यावरची घट १५ अक्षरांहून कमी राहिली. लटके इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण ६२% होते.

फेरारांचा ‘नेचर मेडिसिन’मधील २००३ चा आढावालेख (दोन सहलेखकांसह) हजारो निबंधांत उद्धृत झाला आहे (→ उद्धरण निर्देशांक). उद्धरणे केवळ नेत्रवैद्यकातली नाहीत: बृहदांत्राच्या कर्करोगावरील बेव्हॅसिझुमॅब (मान्यता २००४) याच संशोधनातून निघाले (→ कर्करोग). लास्कर पुरस्कार, २०१०.