हुरड्याची पाटी आणि कारळ्याची चटणी



रविवारी रानात हुरडा केला. पुण्याहून भावाची माणसं, नगरहून बहीण, आत्या, तिच्या सुना-नातवंडं धरून तीसेक जण जमलो. आगटी पेटली, कणसं भाजली, आत्यानं चोळून पाटीत ओतली. चटणी माझ्याकडं होती. कारळं, लसूण, लाल मिरची, वरून घट्ट दही. पुतण्या बोट चाटत म्हणाला, "काका, ही चटणी किती जुनी?" मी म्हणालो, "लई जुनी. पहिल्यापासूनची." आत्यानं मात्र दुसराच प्रश्न टाकला, "कारळं कुठून आणलंस?"

"दुकानातून."

"आणि बांधावरचं कुठं गेलं?"

दोन्ही प्रश्न डोक्यात राहिले, म्हणून ही नोंद.

आधी पुतण्याचं. चटणीतला एकेक जिन्नस वेगळा काढून बघा. मिरची मूळची मेक्सिकोकडची. कोलंबस १४९२ ला निघाला आणि परतताना ती युरोपात घेऊन गेला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. म्हणजे जास्तीत जास्त पाचशे वर्षं. त्याआधी तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, आलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं १२ व्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यातल्या राजाच्या जेवणात मिरे आहेत, हिंग आहे, मिरची नाही. नवी वस्तू आली तरी नाव जुन्या मिऱ्यावरूनच पडलं, मिरची.

ती एवढी पसरली का, हे शेतकऱ्याला लगेच कळेल. मिऱ्याचा वेल मलबारच्या पावसात, झाडाच्या आधारानं वाढतो. आपल्या दुष्काळी पट्ट्यात तो येणार नाही. मिरे विकतच घ्यायचे, तेही महाग. मिरची परसात आली, वाळवली की वर्षभर पुरली, बी पुढच्या साली घरचंच. गरिबाच्या भाकरीला तिखट मिळालं ते असं.

शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडं भुईमुगाची मोठी लागवड १९ व्या शतकात वाढली. म्हणजे शेंगदाण्याची चटणी घरोघरी झाली ती त्यानंतर. लसूण मध्य आशियाकडचा, पण फार पूर्वी आलेला. तीळ मात्र आपल्याच उपखंडातला, हडप्पाच्या उत्खननात त्याचे जळके दाणे मिळालेत. जवसही जुना. नर्मदाकाठच्या नावडातोलीला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खोदकाम केलं, तिथं साडेतीन हजार वर्षांमागच्या थरांत जवस सापडला.

कारळं मूळ इथिओपियाचं. तिकडं त्याला नूग म्हणतात, आजही तेलाचं मोठं पीक आहे. आणि ज्यासाठी सगळे जमलो ती ज्वारीसुद्धा आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी इकडं आलेली. म्हणजे पाटीतला हुरडा आणि वाटीतलं कारळं एकाच मुलखाचे पाव्हणे. मिरची त्यांच्यात कालची सून.

पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग आपलं काय?" अरे, जे आपण पेरलं, बी राखलं, पुढच्याला दिलं, ते आपलं.

इथंच आत्याचा प्रश्न टोचतो. तिच्या माहेरपणी, म्हणजे याच रानात, बाजरीच्या कडेनं कारळ्याच्या ओळी असायच्या. जनावर कारळ्याला तोंड लावत नाही, म्हणून वाटेकडच्या बाजूला तेच पेरायचं. कुंपण फुकटचं, पिवळ्या फुलांवर मधमाश्या, घरात चटणी. आम्ही ट्रॅक्टरनं बांधापर्यंत पेरायला लागलो, बाजरी जाऊन सोयाबीन आलं, आणि ओळ मोडली. बी राखायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पाचशे वर्षांत मिरची आपली झाली आणि एका पिढीत कारळं परकं झालं.

या खरिपाला दोन ओळी टाकणार आहे. लक्षात ठेवा, कारळ्याचं फूल स्वतःच्या परागानं नीट फळत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो आणि तो मधमाशी आणते. दोन-चार झाडांनी दाणा भरत नाही. सलग ओळ हवी आणि फुलोऱ्यात फवारणी टाळायला हवी.

चटणी अशी: वाटीभर कारळं मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा आणि पूर्ण गार करा. दाण्यात तेल भरपूर, गरम कुटलं तर गोळा होतो. मग सहा सुक्या मिरच्या, दहा पाकळ्या लसूण, मीठ घालून उखळात कुटा. खाताना सायीचं दही कालवा. मिरचीचा जहालपणा स्निग्धात विरघळतो, म्हणून पोरांनाही झेपते. थोडी-थोडीच करा, तेलामुळं लवकर खवट होते.

निघताना आत्या म्हणाली, "पुढल्या हुरड्याला घरचं कारळं असंल तरच मला बोलव."

कुणाकडं गावरान कारळ्याचं बी असेल तर सांगा. पावशेर पुरे. परत देताना शेरभर देईन.