कात्री कोणाच्या हातात? दादरच्या कुंडीपासून मोझरीच्या मोबाइलपर्यंत

पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. घरात जुने व्हिडिओ पडून असतील तर नक्कीच वाचा.

गुरुकुंज मोझरीला दरवर्षी राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. हजारो लोक जागच्या जागी उभे. ज्यानं ते पाहिलं, त्याला सांगावं लागत नाही. मागं एका वर्षी आमच्या घरच्या म्हाताऱ्यांना शेवटचं तिथं नेलं होतं. भाच्यानं मोबाइलवर सगळं टिपलं. आजोबांची खंजिरी, रस्त्यातली रसवंती, आणि ते मौन. आजोबा गेल्यावर त्यानं त्याचा व्हिडिओ बनवून घरच्या ग्रुपवर टाकला. पाहिला, तर मौनाच्या वेळेला मागं ढिंगच्याक संगीत!

म्हटलं, "काहून रे, हे कोनं टाकलं?"

"म्या नाही टाकलं मामा. ॲपनंच टाकलं. फुकटचं आहे ना ते."

वरून आजोबांच्या छातीवर त्या ॲपचं नाव, कोपऱ्यात ठसठशीत. काढायचं तर महिन्याला पैसे. चूक पोराची नाही. पण मले त्या दिवशी एक प्रश्न पडला. आपल्या घरच्या आठवणीतून काय ठेवायचं, काय कापायचं, हे ठरवते कोण? आपण का कात्रीवाला? या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात एका मराठी घरातच होते.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. पैसा उभा करायला सावकाराला काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म चालवत त्या रोपाची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ'. सिनेमा तयार करायच्या आधी या देशात झालेला हा घरगुती प्रयोगच म्हणा ना! पुढं ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याची फिल्म बिनभोकाची यायची. रात्री अंधाऱ्या खोलीत तिला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करत. घरचा स्वयंपाक त्यांच्याकडं आणि फिल्मही त्यांच्याकडं. दागिने गहाण पडले ते वेगळंच. पण एक गोष्ट खरी, कात्री घरात होती.

नंतर मात्र ती घराबाहेर गेली. स्टुडिओ आले, यंत्रं महाग झाली. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, तसे आपल्या लग्नात शूटिंगवाले दिसू लागले. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडायचे, एकावर लावायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, याला 'मिक्सिंग' म्हणत. दर नकलेला चित्र पुसट व्हायचं. आजही कोणाच्या लग्नाची कॅसेट लावली तर नवरीच्या चेहऱ्यावर पाऊस पडताना दिसतो, तो याच्यामुळं.

१९८९ मध्ये अमेरिकेत एविडचं यंत्र आलं आणि संगणकावर चित्र कापायला सुरुवात झाली. १९९१ मध्ये ॲडोबी प्रीमियर. हे स्टुडिओवाल्यांचं काम. आपल्याकडं लग्नाच्या व्हिडिओवाल्यांत पुढं एडियस रुळलं. सामान्य घरात कात्री परत आली ती २००० साली, विंडोज मी सोबत आलेल्या मूव्ही मेकरमधून. वेगळे पैसे नाहीत, परवाना नाही. कित्येक शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या सीड्या त्याच्यावर तयार झाल्या. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनं तो बंद केला.

आता इथं धडा आहे, नीट लक्ष द्या. मूव्ही मेकरमध्ये अर्धवट ठेवलेलं काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. प्रोजेक्टची फाईल म्हणजे व्हिडिओ नव्हे. ती फक्त कुठं कापायचं, याची यादी. मूळ क्लिपा गेल्या तर यादी काय कामाची?

त्याच सुमारास दोन गोष्टी झाल्या. २०१३ पासून ॲडोबीनं नवीन आवृत्त्या विकणं थांबवून भाड्यानं देणं सुरू केलं. भाडं थांबलं की सॉफ्टवेअरही थांबतं. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, गावोगाव नेट स्वस्त झालं, पोरं थेट मोबाइलवर व्हिडिओ कापू लागली. मग २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं, तसंच व्हिवाव्हिडिओ हे कापाकापीचं ॲपही होतं. बंदी बरोबर की चूक, हा वाद इथं नको. पण ज्या पोरांचा हात त्याच्यावर बसला होता, त्यांना एका रात्रीत नवीन कात्री शोधावी लागली.

म्हणजे फुकट असलं तरी आपलं नसतं. हे गुरुकुंजाच्या आसपास राहणाऱ्याला वेगळं शिकवायला नको. गावानं आपल्या गरजा आपल्या हातानं भागवाव्या, हे सांगायला महाराजांनी अख्खी ग्रामगीता लिहिली, ४१ अध्यायांची.

मग करावं काय? क्रॅक कॉपी घ्यावी? पेनड्राइव्हवर फिरते ती? नका घेऊ. त्यातून व्हायरस येतो आणि संगणकातले फोटोच कुलूपबंद होऊ शकतात. चोरीही ती चोरीच. आणि गरजही नाही, कारण जगभरच्या लोकांनी मिळून तयार केलेली मुक्त सॉफ्टवेअर आहेत. केडेनलाइव्हचं काम २००२ मध्ये सुरू झालं, ओपनशॉट २००८ मध्ये आलं, शॉटकट २०११ पासून घडत आलं. शिक्का नाही, भाडं नाही, खातं उघडायची सक्ती नाही. उद्या मूळ माणसानं काम सोडलं तरी त्याचा कोड उघडा आहे, दुसरा कोणी पुढं नेऊ शकतो.

माझा हिशोब असा:

• फक्त मागचंपुढचं कापायचं असेल तर लॉसलेसकट पुरे. चित्र पुन्हा न दाबता कापतं, म्हणून पटकन होतं आणि दर्जा उतरत नाही.

• दहा-बारा क्लिपा जोडायच्या, मराठी नावं टाकायची, तर शॉटकट. साध्या मोबाइल व्हिडिओसाठी ८ जीबी रॅम असली तर बरं. संगणक जुना असेल तर त्यातली 'प्रॉक्सी' सोय चालू करा. म्हणजे कापताना हलकी नक्कल वापरली जाते, शेवटी मूळ घेतलं जातं.

• संगणक दमदार असेल आणि शिकायची तयारी असेल तर दाविंची रिझॉल्व्ह. एकेकाळी लाखो डॉलरला स्टुडिओत विकलं जाणारं हे रंगांचं यंत्र. ब्लॅकमॅजिकनं २००९ मध्ये कंपनी घेतली आणि २०११ पासून त्याची फुकट आवृत्ती दिली. शिक्का येत नाही. पण हे मुक्त सॉफ्टवेअर नव्हे, कंपनीच्या मर्जीवर आहे, हे ध्यानात ठेवा.

• फक्त मोबाइलच असेल तर आधी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करून बाहेर काढून पाहा. शिक्का येतो का? नेट बंद असताना चालतं का? आपोआप घातलेलं संगीत काढता येतं का? तिन्ही उत्तरं मिळाल्यावरच मोठं काम हाती घ्या.

आणि कोणतंही वापरा, मूळ क्लिपा दोन ठिकाणी ठेवा. पूर्ण झालेला व्हिडिओ साध्या एमपी४ मध्ये काढून तोही ठेवा.

भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत शॉटकट टाकलं. दोन दिवस वैतागला, तिसऱ्या दिवशी जमलं. आजोबांची खंजिरी ठेवली, रसवंती ठेवली. मौनाच्या ठिकाणी मी विचारलं, "इथं काय करतं?"

म्हणे, "काही नाही मामा. इथं काहीच करायचं नाही."

तेवढं जमलं म्हणजे त्याला एडिटिंग आलं, असं मी समजतो.

तुमच्या घरी कोणाचा आवाज कॅसेटमध्ये, जुन्या मोबाइलमध्ये अडकून आहे? या सुट्टीत काढा बाहेर. कॅसेटला बुरशी लागते, आणि म्हातारी माणसं थांबत नाहीत.