पंधरापैकी पंधरा

न हरलेल्या संघांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. मला मात्र एनडीएच्या दिवसांपासून वेस्ट पॉइंटचा १९४३-४४ चा बास्केटबॉल संघ जवळचा वाटतो.

अमेरिकेच्या या लष्करी अकादमीच्या कॅडेट्सनी त्या मोसमात १५ पैकी १५ सामने जिंकले. महायुद्धाच्या त्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरलाच नाही. ती यूटाने जिंकली. हेल्म्स फाउंडेशनने मात्र त्या वर्षीचा सर्वोत्तम संघ म्हणून वेस्ट पॉइंटलाच मान दिला.

कर्णधार एडवर्ड क्रिस्टलची बॅच ६ जून १९४४ रोजी पास आउट झाली. दोस्तांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तोच हा दिवस. युद्ध संपत आले असताना, १९४५ मध्ये, क्रिस्टल ऑस्ट्रियात धारातीर्थी पडला. वेस्ट पॉइंटचा संघ आज ज्या बंदिस्त मैदानात खेळतो, त्याचे नाव क्रिस्टल अरीना.

आपल्या खडकवासल्यालाही ‘हट ऑफ रिमेम्ब्रन्स’मध्ये हुतात्मा माजी कॅडेट्सची नावे आहेत. त्यांतले किती तरी जण आपापल्या स्क्वाड्रनसाठी मैदानात उतरले होते. पाहुणे तिथे नावे वाचतात. आम्हा जुन्या कॅडेट्सना त्यांचा खेळ आठवतो.