गवताच्या गंजीपासून मुंबईपर्यंत

मंडळी, मुंबईतल्या जुन्या छापखान्यांबद्दल बोलताना ‘अमेरिकन मिशन’चं नाव हमखास येतं. पण ही अमेरिकन माणसं १८१३ मध्ये, त्यांच्या देशाची इंग्लंडशी लढाई चालू असताना, इंग्रजांच्या मुंबईत आलीच कशाला? याचा धागा शोधत गेलो की आपण एका लहानशा कॉलेजात जाऊन पोचतो.

मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज. ऑगस्ट १८०६. पाच विद्यार्थी दुपारी माळावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, विजा चमकू लागल्या, तेव्हा पोरं गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली. कॉलेजात त्या काळात आशियाचा भूगोल चालला होता, त्यामुळे बोलणं तिकडेच वळलं. सॅम्युएल मिल्स म्हणाला, आपला धर्म त्या लोकांना आपणच जाऊन सांगायला हवा. पाचांपैकी हार्वे लूमिस याला हे पटलं नाही. तिकडचे लोक आधी सुधारले पाहिजेत, नाहीतर गेलेली माणसं मारली जातील, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बघा, ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता त्यांच्यापैकी एकही माणूस या पाचांनी बहुधा पाहिलेला नव्हता! भूगोलाच्या पुस्तकातली माणसं ती.

गंजीची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला मात्र तिच्यापेक्षा दोन वर्षांनंतरची एक वही जास्त बोलकी वाटते. १८०८ मध्ये मिल्स आणि त्याच्या मित्रांनी कॉलेजातच एक मंडळी स्थापन केली. गुप्त मंडळी. तिची घटना आणि टिपणं त्यांनी सांकेतिक लिपीत लिहून ठेवली. का? तर लोक हसतील, अविचारी म्हणतील, आणि बेत फसला तर मिशनच्या कामाचीच नाचक्की होईल. आता गंमत अशी, की ज्यांना सात समुद्रापार जाऊन उघड्यावर प्रवचन करायचं होतं, त्यांना शेजारच्या खोलीतल्या मुलाला हे सांगायची चोरी होती. प्रचार चालायचा तो एकेकाला गाठून, माणूस पारखून. मिल्स तर असे सोबती हुडकायला येल कॉलेजातही जाऊन राहिला.

पुढे ही मुलं अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात गेली. तिथे त्यांना अ‍ॅडोनायरम जडसन भेटला, सॅम्युएल नॉट भेटला, आणि विल्यम्स कॉलेजचाच गॉर्डन हॉलही येऊन मिळाला. १८१० मध्ये त्यांनी वडीलधाऱ्या पाळकांपुढे अर्ज ठेवला. त्यावर सहा नावं होती, त्यातली दोन काढून टाकली. इतकी पोरं एकदम निघाली म्हटल्यावर वडील मंडळी बिचकतील, ही भीती! त्याच वर्षी अमेरिकन बोर्ड स्थापन झालं.

हॉलला कनेटिकटमधल्या एका चर्चने बोलावलं होतं, ते त्याने नाकारलं. फेब्रुवारी १८१३ मध्ये तो आणि नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला. मग अर्जविनंत्या झाल्या, चोरून कोचीनला पळून जाणं झालं, धरून परत आणणं झालं. शेवटी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी राहू दिलं.

आणि इथे खरी परीक्षा सुरू झाली. मंडळी, कॉलेजातल्या मित्राला पटवणं वेगळं आणि मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणं वेगळं. हॉल आधी मराठी शिकला. रस्त्यांत, तळ्यांकाठी, देवळांपाशी जाऊन तो बोलत असे. लोक ऐकत, उलट प्रश्न विचारत, वाद घालत आणि घरी जात. त्याच्या हयातीत बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजके निघाले. शाळा मात्र भरल्या, आणि त्यांत शिकवायला हिंदू पंतोजी होते, बेने इस्राएल मास्तरही होते. १८१७ पासून मिशनच्या छापखान्यात मराठी छपाई होऊ लागली. १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली. पुढे गणपत कृष्णाजींनी याच मिशनची छपाई पाहून स्वतःचा छापखाना घातला आणि १८३१ मध्ये पंचांग छापलं. मिल्सने गंजीखाली बसून पंचांगाचा विचार खचितच केला नसणार!

१८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे गेला होता. बायकोमुलं आदल्या वर्षीच अमेरिकेला निघून गेली होती. नाशिकला पटकीची साथ होती, त्याने जवळची औषधं वाटली. परतीच्या वाटेवर २० मार्चला त्यालाच पटकी झाली आणि तो गेला. वय ४१. ज्या भाषांतरावर तो खपला, तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून निघाला.

मिल्सला आशियात जायला मिळालंच नाही. आफ्रिकेहून परतताना १८१८ मध्ये तो समुद्रातच वारला. गंजीची जागा नेमकी कोणती, हेही लोक विसरले होते. त्या पाचांपैकी बायरम ग्रीन याने १८५४ मध्ये, म्हणजे ४८ वर्षांनी, येऊन ती दाखवली. १८६७ मध्ये तिथे संगमरवरी स्तंभ उभा राहिला, वर पृथ्वीचा गोल. त्यावर पाच नावं आहेत. हॉल त्या दुपारी तिथे नव्हता, म्हणून त्याचं नाव नाही. जाऊ नये म्हणणाऱ्या लूमिसचं मात्र आहे.