ढिल्या सुकाणूचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. मला इतिहासाचा एक धडा मिळाला, तो मात्र आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या पोटाखाली, सदऱ्याला काळे वंगण माखून घेत असता.

त्याचे असे झाले. गाडीचे स्टिअरिंग ढिले झाले होते. चार बोटे इकडे फिरवावे, चार बोटे तिकडे; पुढची चाके आपली स्वस्थ! स्टिअरिंगच्या पेटीवर ढील काढण्याचा एक स्क्रू असतो, एवढे माझे ज्ञान. तो मी आवळला. ढील गेली, माझी छाती फुगली आणि मुलांसह आम्ही दिवाळीला त्यांच्या आजोळी निघालो. पहिल्याच मोठ्या वळणावर स्टिअरिंग जे वळले, ते परत येईना. दोन्ही हातांनी ओढून गाडी सरळ केली, तेव्हा समोरचा ट्रक हातभर अंतरावरून गेला. मागे मुले गाणी म्हणत होती. त्यांना काही कळले नाही. हिला कळले. ती काहीच बोलली नाही, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली डोके घातले आणि म्हणाले, "मास्तर, दुखणं एकीकडं आणि औषध भलतीकडं!"

हे दुखणे दोनशे वर्षांचे आहे, वाचकहो. पूर्वी चारचाकी घोडागाडीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरे. सांधा एकच, पण तीव्र वळणावर गाडी कलंडण्याचे भय. म्युनिकचे गाड्या बांधणारे कारागीर गेओर्ग लांकेन्स्पर्गर यांनी तोड काढली. आस जागच्या जागी ठेवायचा, प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवायचे. आणि आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, म्हणून ते अधिक वळू द्यायचे. १८१८ साली रुडॉल्फ आकरमन यांनी लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले आणि नाव त्यांचेच राहिले! कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या पेटंटमधील मोटारीला तर तीनच चाके होती. पुढे एकच चाक असल्याने ही कटकटच नव्हती. पुढे १८९४ च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशरों यांनी आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले. हाताला जोर कमी लागावा, रस्त्याचे हिसके हातापर्यंत पोचू नयेत, म्हणून चाक आणि दांड्या यांच्यामध्ये दात्यांची पेटी आली.

गाडी कलंडेनाशी झाली. पण एका सांध्याचे अनेक सांधे झाले. प्रत्येक सांध्यात केसभर झीज, आणि त्या साऱ्या केसांची बेरीज चालवणाऱ्याच्या हाती येते.

मिस्त्रींनी मला स्टिअरिंगपाशी बसवले नाही. हिला बसवले आणि मला खाली घेतले. "बाई, थोडं थोडं हलवा. मास्तर, काय हलतंय ते बघू नका. कुठं हलायचं थांबतंय ते बघा." ती हलवू लागली. पेटीतून निघणारा दांडा लगेच हलत होता, म्हणजे पेटी पुष्कळशी निर्दोष. पण त्याच्या पुढे टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यात एक बाजू हलत होती आणि दुसरी ढिम्म. आयडलर आर्मचा बुशही झिजला होता. जॅक लावून चाक वरखाली हलवले, तेव्हा किंग पिन आणि बेअरिंग मात्र ठीक निघाले.

पेटीचे दाते मधोमध अधिक झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधली ढील पुरती जाईपर्यंत स्क्रू आवळला, की कडेचे न झिजलेले दाते वळणावर अडकतात. माझ्या शहाणपणाचा खुलासा एवढाच! मिस्त्रींनी स्क्रू सैल केला, सांधे आणि बुश बदलले, पेटीत तेल भरले, पेटीचे बोल्ट तपासले. मग चाकांची दिशा जुळवली. स्क्रूला हात लावला तो अगदी शेवटी, तोही किंचित.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आमची मात्र चालते. दर दिवाळीला निघण्यापूर्वी ही स्टिअरिंगपाशी बसते आणि मी सतरंजी घेऊन गाडीखाली जातो. "हललं का?" ती विचारते. मी नीट पाहून मगच उत्तर देतो.