लिंकनचं पत्र, नेरुदांची कविता: आयुष्यावरचे हे विचार नेमके कुणाचे?

अब्राहम लिंकन यांनी मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र तुम्ही नक्की वाचलं असेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर ते आहे आणि शिक्षक दिनाला अजूनही स्टेटसवर येतं.

पण लिंकन यांनी ते लिहिल्याचा पुरावाच नाही. त्यांची पत्रं, भाषणं, टिपणं १९५३ मध्ये अनेक खंडांत छापली गेली, त्यात हे पत्र सापडत नाही. शिवाय लिंकन राष्ट्राध्यक्ष असताना थोरला मुलगा रॉबर्ट हार्वर्डमध्ये शिकत होता आणि धाकट्या दोघांना शिकवायला शिक्षक घरीच यायचे.

मराठीत हे पत्र रुजलं ते कवी वसंत बापट यांच्या अनुवादामुळे. गंमत बघा, जे नाव खात्रीचं आहे तेच फॉरवर्ड करताना गळतं आणि ज्याचा पुरावा नाही ते ठळक अक्षरात राहतं.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. सवयींना चिकटून राहणारा माणूस हळूहळू मरत जातो, अशा आशयाची 'पाब्लो नेरुदांची कविता' अनेक भाषांत फिरते. ती लिहिली ब्राझीलच्या लेखिका मार्था मेदेइरोस यांनी, २००० साली. नेरुदा १९७३ मध्येच वारले होते! तरी जानेवारी २००८ मध्ये इटलीच्या सिनेटमध्ये क्लेमेंते मास्तेला यांनी ती नेरुदांची म्हणून वाचून दाखवली. त्याच दिवशी विश्वासदर्शक ठराव हरून प्रोदी सरकार पडलं. ही कविता नेरुदांची नाही, हे नंतर नेरुदा फाउंडेशननेही सांगितलं.

मेदेइरोस पोर्तुगीजमध्ये लिहितात, नेरुदा स्पॅनिशमध्ये लिहायचे. एका भाषेतून दुसरीत जाताना मूळ नाव सुटतं आणि त्या जागी लोकांना माहीत असलेलं मोठं नाव येऊन बसतं.

गॅब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या बाबतीत तर ते हयात असतानाच हे घडलं. ते कॅन्सरने आजारी होते आणि २००० मध्ये त्यांची 'निरोपाची कविता' ईमेलवरून जगभर गेली. प्रत्यक्षात ती मेक्सिकोतले शब्दभ्रमकार जॉनी वेल्च यांनी आपल्या बाहुल्यासाठी लिहिली होती. मार्केस त्यानंतर १४ वर्षं जगले.

गांधीजींच्या नावावरचं 'जगात हवा असलेला बदल आधी स्वतःत करा' हे वाक्यही त्यांच्या लेखनात या शब्दांत नाही. १९१३ च्या एका लेखात त्याच्या जवळ जाणारा विचार मात्र आहे. म्हणजे इथे आशय त्यांचा, शब्द दुसऱ्या कुणाचे. हा प्रकार मला तुलनेने कमी खटकतो, कारण यात कुणा लेखकाची कविता हिरावली गेलेली नाही.

मग ओळखायचं कसं?

कार्डावर पुस्तकाचं नाव, भाषणाची तारीख, असं काही आहे का बघा. फक्त फोटो आणि सही असेल तर त्यातलं एखादं वेगळं वाक्य अवतरण चिन्हांत टाकून सर्च करा, पण लेखकाचं नाव न टाकता. नाव टाकलं तर तीच कार्डं परत दिसतात. एकाच वाक्याखाली तीन-चार वेगवेगळी नावं आली, तर तिथेच थांबा.

आणि लिंकनचं पत्र पाठवणारच असाल, तर खाली 'मराठी अनुवाद: वसंत बापट' एवढं टाकाच.